स्तंभश्रम ते मल्लखांब : स्थिर राहण्याचा इतिहास

लोअर परळच्या ज्या आवारांत एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजत, तेथे आज काचेच्या भिंतींची व्यायामगृहे दिसतात. 'फंक्शनल फिटनेस' या नावाने तेथे जो व्यायाम चालतो, त्याचे सूत्र सोपे आहे : दम लागेपर्यंत उड्या मारायच्या आणि धाप न ओसरताच कोपरांवर शरीर तोलून निश्चल राहायचे, पुन्हा उड्या, पुन्हा निश्चलता. पाहणाऱ्याला उड्या कठीण वाटतात. करणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की खरी कसोटी थांबण्यात आहे. स्नायूची लांबी तसूभर बदलत नाही आणि तरीही त्याचे श्रम क्षणभर थांबत नाहीत.

तेथून तीन-चार किलोमीटरवर, दादरच्या शिवाजी पार्कात, हेच सूत्र मुले-मुली एका लाकडी खांबावर शिकत आली आहेत. आम्हांला येथे त्या खांबाचा इतिहास पाहायचा आहे. आणि त्याच्या आधाराने 'फंक्शनल', म्हणजे उपयोगाचा, या विशेषणाचाही थोडा विचार करायचा आहे.

मराठीच्या अभ्यासकाला 'मानसोल्लास' परिचित असतो, तो प्रामुख्याने त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात मल्लविनोदाचेही प्रकरण आहे. मल्लांनी करावयाच्या श्रमांत तेथे 'स्तंभश्रम' हा शब्द येतो. मल्लखांबाचा हा सर्वांत जुना उल्लेख, असे सामान्यतः सांगितले जाते. आम्ही मात्र थोडे सावध राहू इच्छितो. शब्दाचे नाते स्पष्ट आहे. पण आजच्या पकडी, आसने आणि उड्या त्या शब्दात होत्याच, असे त्यावरून सिद्ध होत नाही. मधल्या जवळजवळ साडेसहाशे वर्षांचा धागा आपल्या हाती सलग लागत नाही.

दुसरे टोक आख्यायिकेचे आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडील अली आणि गुलाब हे मल्ल आव्हान घेऊन आले. बाळंभटदादा देवधर या तरुणाने सप्तशृंगीला जाऊन आराधना केली, तेथे प्रत्यक्ष मारुतीने त्याला लाकडावरच्या पकडी दाखविल्या आणि परतून त्याने कुस्ती जिंकली. ही कथा शिष्यपरंपरेने जपली आहे आणि शिष्यपरंपरा गुरूची कथा जशी सांगते तशीच ती आहे. तिच्यातला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते : खांब हा प्रतिस्पर्ध्याचा पर्याय होता. त्याच्या रचनेतील नावे पाहावीत. वर 'बोंड', त्याखाली 'मान', त्याखाली 'अंग'. पैलवानाने ज्या मानेला कव घालायची, तीच येथे लाकडात कोरलेली आहे. थोडक्यात, मल्लखांब जन्मतः 'फंक्शनल' होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि बाळंभटदादांची विद्या शिष्यांबरोबर उत्तरेत काशीपर्यंत पोहोचली. पुढे शतकभरात तिचा कुस्तीशी असलेला संबंध सैल होत गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. त्याच वर्षापासून बडोद्याचे आबासाहेब मुजुमदार यांचा दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' प्रसिद्ध होऊ लागला. एकीकडे प्रात्यक्षिक, दुसरीकडे कोश. विद्या उपयोगातून सुटून संस्कृतीच्या कोठारात जाते, तेव्हा बहुधा या दोन वाटांनीच जाते.

मात्र उपयोग संपला म्हणून श्रम हलके झाले नाहीत. एरंडेल चोळलेल्या शिसवी वा सागवानी खांबावर उघडे अंग हाच आधार. साधी उडी, दसरंग, बगली, सुईदोरा, वेल अशी एकामागून एक गती आणि मध्येच एखादे आसन, ज्यात सारा भार मांड्यांच्या चिमट्यावर किंवा एका काखेत पेलायचा. दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांची पकड सुटली की सारे सुटते. छातीचा भाता हलत असताना चेहरा शांत ठेवायचा, ही त्यातली शिस्त.

मुंबईत ही शिस्त ज्या संस्थांनी सांभाळली, त्यांत प्र. ल. काळे गुरुजींनी १९२५ साली स्थापन केलेले दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर अग्रणी आहे. उदय देशपांडे यांनी तेथून ही विद्या देशोदेशी नेली. त्यांच्या हाताखाली दृष्टिहीन मुलीही मल्लखांब शिकल्या. ज्या विद्येत डोळ्यांपेक्षा त्वचा अधिक जाणते, तेथे हे घडणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कात पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली आणि २०२४ साली देशपांडे यांना 'पद्मश्री' जाहीर झाली.

दादरचा हा इतिहास नोंदला गेला. लालबाग-परळचा तितका नाही. चाळींच्या आडोशाला तेथे तालमी होत्या : लाल माती, जोर-बैठका, कुस्ती, लेझीम आणि कोठे कोठे खांबही. तालीम, तिचा दादा, वस्तीतले सण आणि गिरणीतले संप यांचे गुंतलेले नाते इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी उलगडून दाखविले आहे. आम्हांला अडवतो तो एक साधा प्रश्न. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील दिवस बारा तासांवर आणि १९२२ च्या कायद्याने अकरा तासांवर आणला. इतके तास साच्यापुढे उभा राहणारा माणूस सुटीनंतर पुन्हा तालमीत का जात असेल? शरीर कमवायचे म्हणावे, तर गिरणीत श्रम कमी नव्हते.

आम्हांला वाटते, उत्तर 'उपयोग' या शब्दाच्या बाहेर आहे. गिरणीतल्या श्रमाचा ताल यंत्र ठरवी. तालमीत तो स्वतःचा, फार तर वस्तादाचा असे. साच्यापुढचे उभे राहणे सक्तीचे होते. आखाड्यातले स्थिर राहणे निवडलेले होते. दमणूक तीच, पण तिचा धनी निराळा. व्यायाम येथे आरोग्याआधी प्रतिष्ठेचा प्रश्न होता आणि ती प्रतिष्ठा देणारी नजर आरशातली नसून शेजाऱ्यांची होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या गेल्या आणि बहुतेक तालमींचे आधारही गेले. आजच्या व्यायामगृहात घाम गाळणाऱ्याला आम्ही हिणवू इच्छित नाही. दिवसभर खुर्चीला जखडलेल्या शरीरावर आपली सत्ता तासभर परत मिळवण्याची त्याची धडपड त्या कामगाराच्या धडपडीहून फार वेगळी नसावी. फरक इतकाच, की त्याच्या श्रमांची नोंद यंत्र ठेवते आणि त्या कामगाराच्या श्रमांची कोणीच ठेवली नाही.

ज्ञानकोशात आसनांची नावे आहेत. तालमीतल्या माणसांची नाहीत. तालमीतली बोली, पकडींची स्थानिक नावे, वस्तादांच्या शिव्या आणि शाबासक्या अजून काही वृद्धांच्या तोंडी असतील. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण याच गल्ल्यांतून वर्गात येतात. प्रकल्पासाठी विषय कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले, तर आम्ही त्यांना आधी घरच्या आजोबांजवळ बसायला सांगू.