पाच रिकामी घरं

मंडळी, प्रोसेसरच्या दोषांवर व्याख्यान म्हटल्यावर बेंबळीत किती जण येतील, अशी शंका होती. आलात, बरं वाटलं. विषय तसा परका नाही. भागाकार सगळ्यांनाच येतो. (हशा)

१९९३ साल आपल्याकडे ३० सप्टेंबरच्या पहाटेमुळे लक्षात राहिलंय. किल्लारी, सास्तूर, वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत इंटेलने पेंटियम बाजारात आणला. तो घडवणाऱ्यांचे म्होरके विनोद धाम, जन्माने पुण्याचे.

आता बघा, मोठा भागाकार करताना आपण काय करतो? पाढा आठवतो, अंदाजाने एक अंक वर मांडतो, वजा करतो, बाकी खाली आणतो. पेंटियमही तेच करायचा. बाकी आणि भाजक पाहून पुढचा अंक कोणता, याचा तक्ताच त्याच्या पोटात कोरलेला होता. त्यात १०६६ घरं भरायची होती. पाच रिकामी राहिली. जिथं २ मिळायला हवा, तिथं ० मिळायचा. पाढे म्हणताना पोरगं मधलीच एक ओळ गाळतं ना, तसं. त्या घरांवर गणित क्वचितच पोचतं, म्हणून कुणाला कळलं नाही. पण ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं, की उत्तर १.३३३८ ऐवजी १.३३३७ यायचं.

हे सापडलं कुणाला? व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवणाऱ्या थॉमस नाइसली यांना. ते जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. जून १९९४ मध्ये बेरीज जुळेना. या माणसाचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला. मग प्रोग्रॅमवर, कंपायलरवर, मदरबोर्डवर. एकेक गोष्ट बदलून पाहिली. जुन्या ४८६ वर तोच हिशोब बरोबर आला. ३० ऑक्टोबरला त्यांनी ओळखीच्या काही जणांना पत्र लिहून आपापल्या मशीनवर तपासायला सांगितलं.

इंटेलला ही चूक त्याच उन्हाळ्यात कळली होती. कंपनीचं म्हणणं असं, की नऊ अब्ज भागाकारांत एखादा चुकतो, साध्या वापरणाऱ्याला २७,००० वर्षांत एकदा. ज्याला खरंच गरज आहे त्याने ती पटवून द्यावी, मग चिप बदलून देऊ. माझ्या मते खरी चूक इथं झाली. पाच घरं राहून जाणं माणसाच्या हातून होतं. पण तुझ्या हिशोबाला एवढी अचूकता कशाला हवी, हे विकणाऱ्याने का ठरवावं? काट्यात खोट निघाली, तर कांदेवाल्याने शेतकऱ्याला असं विचारलेलं चालेल का?

१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमच्या मशीन पाठवणं थांबवलं. त्यांचा हिशोब होता २४ दिवसांत एक चूक! २० डिसेंबरला इंटेल नमली. मागेल त्याला चिप बदलून. खर्च ४७.५ कोटी डॉलर.

तीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच कंपनीच्या १३व्या-१४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांचा बोभाटा झाला. हा दोष निराळा. इथं गणित बरोबर होतं, पण चिपला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि आतलं एक सर्किट वेळेआधी झिजत होतं. नवी मशीन छान चालायची, काही महिन्यांनी गेम मधेच बंद, झिप फाईल उघडेना. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय लाईटवर. मग रॅम बदला, विंडोज पुन्हा टाका. प्रोसेसरवर कुणी बोट ठेवत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने ०x१२९ हा मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हा मायक्रोकोड बायोस अपडेटमधून येतो. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच बसतो, म्हणून यूपीएस लावल्याशिवाय हात घालू नका. आणि झिजलेली चिप त्याने बरी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते, त्यासाठी बिल लागतं.

ज्यांच्याकडे त्या पिढीची मशीन आहे त्यांनी चहानंतर थांबा. मॉडेल नंबर लिहून आणला असेल तर एकेकाचं बघू.