उन्हाळ्यात महाविद्यालयाच्या बागेची आणि आवाराची कामे

परीक्षा संपल्या की महाविद्यालयाचे आवार ओस पडते आणि माळीकामाचा सर्वांत कठीण काळ सुरू होतो. महाराष्ट्राच्या पठारी भागात मार्च ते मे हे महिने वळवाच्या एखाद्या सरीखेरीज कोरडेच जातात. पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात लावलेली रोपे मरतात ती बहुधा याच सुट्टीत, कारण तेव्हा त्यांच्याकडे पाहायला कोणी नसते.

मुख्य प्रश्न पाण्याचा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. १,००० चौरस मीटरच्या हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे तर ५,००० लिटर लागतात. तेवढ्याच पाण्यात प्रत्येकी २० लिटरप्रमाणे २५० रोपे भिजतात आणि त्यांना ते रोज द्यावेही लागत नाही. म्हणून टँकरवर अवलंबून असलेल्या संस्थेने पाणी कमी पडले तर आधी हिरवळ सोडावी. हरळी पिवळी पडली तरी तिची मुळे जिवंत राहतात व पावसात ती पुन्हा फुटते; वाळलेले रोप परत येत नाही. प्रवेशाच्या दिवसांत दर्शनी भाग हिरवा दिसावा म्हणून अनेक ठिकाणी नेमके उलटे केले जाते.

पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. रोप वाढेल तसे आळे रुंद करत न्यावे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळे खोडापासून दूर सरकत जातात. आळ्यात पालापाचोळ्याचा दोन-तीन इंच थर पसरावा, मात्र खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. थर खोडाला टेकला तर साल कुजते आणि वाळवीही लागते. उरलेला पाला कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. तो पेटवून देण्याची सवय अजून गेलेली नाही, जरी उघड्यावर कचरा जाळायला कायद्याने मनाई आहे.

बागेबाहेरच्या मोकळ्या जागेत धोका वणव्याचा. कुंपणालगतचे वाळलेले गवत कापून काही फूट रुंदीचा पट्टा मोकळा ठेवला की रस्त्यावरून पडलेली विडी-सिगारेट आत आग लावू शकत नाही. वाळक्या, धोकादायक फांद्या पावसाळ्याआधी उतरवाव्या लागतात. शहरी भागात १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यानुसार वृक्षतोडीला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वीही तेथे विचारून घ्यावे. छाटणीआधी घरटी पाहावीत, कारण बऱ्याच पक्ष्यांचा हा विणीचा काळ असतो.

ही कामे कंत्राटी माळी करतात, काही ठिकाणी 'कमवा व शिका' योजनेतले विद्यार्थीही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत ही पद्धत रुजली. अंगमेहनतीची कामे सकाळी दहा-साडेदहापर्यंत आटोपावीत. दुपारी सावलीत बसून पिशव्या भरणे, अवजारांना धार लावणे अशी कामे करता येतात. पिण्याचे पाणी कामाच्या जागेजवळ हवे. उन्हात काम करणाऱ्याला चक्कर आली, तो असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात समजून अंग ओले करून वारा घालावा व त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

मे महिन्यात नव्या झाडांचे खड्डे खणतात, साधारण दोन फूट लांब, रुंद आणि खोल. वरची सुपीक माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. खड्डे उन्हात तापू दिले की मातीतल्या किडी व बुरशी कमी होतात. पावसाच्या तोंडावर वरची माती व शेणखत घालून ते भरतात. पहिल्या सरीनंतर घाईने रोप लावू नये. माती वीतभर खोल भिजेपर्यंत थांबावे.