बाई विषारी, हे सांगतो कोण?

रहस्यकथांचे वेड मला शाळेपासूनचे. त्यातही अमेरिकेतल्या ‘हार्डबॉइल्ड’ गुप्तहेरकथा फार आवडत. धुराने भरलेली कचेरी, फीवर गुजराण करणारा खासगी हेर आणि दार ढकलून आत येणारी देखणी बाई. ती आली की वाचक ओळखतो, ही घात करणार. समीक्षकांनी तिला ‘फाम फाताल’ हे फ्रेंच नाव दिले. आपण विषकन्या म्हणू. अलीकडे याच कथा पुन्हा वाचताना मात्र एक प्रश्न पिच्छा सोडेना. बाई विषारी आहे, हे सांगतो कोण?

डॅशील हॅमेट स्वतः पिंकर्टन या खासगी हेरसंस्थेत नोकरीला होता. त्याची ‘द माल्टीज फाल्कन’ १९३० साली पुस्तकरूपाने आली. ब्रिजिड खोटे नाव सांगून सॅम स्पेडकडे येते. त्याच्या भागीदाराचा खून तिनेच केलेला असतो आणि शेवटी स्पेड तिला पोलिसांच्या हवाली करतो. ती गुन्हेगार आहे, यात वाद नाही. पण त्याच भागीदाराच्या बायकोशी स्पेडचे संबंध असतात. त्याला कुणी विषारी म्हणत नाही. शेवटी त्याची सेक्रेटरी एफी तो चुकला असे म्हणत नाही, पण त्याचा स्पर्श तिला नकोसा होतो. १९४१च्या गाजलेल्या चित्रपटात हा प्रसंगच नाही.

कादंबऱ्यांच्या बाहेर काय चालले होते? १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये रूथ स्नायडर आणि तिचा प्रियकर जड ग्रे यांनी विम्याच्या पैशांसाठी तिच्या नवऱ्याचा खून केला. कोर्टात दोघांनी एकमेकांवर खापर फोडले. ज्युरीत बाराही पुरुष होते. न्यूयॉर्क राज्यात स्त्रियांना ज्युरीत बसता येऊ लागले ते १९३७ साली. जानेवारी १९२८ मध्ये एकाच रात्री दोघांनाही विजेच्या खुर्चीत मृत्युदंड दिला गेला. एका छायाचित्रकाराने घोट्याला कॅमेरा बांधून चोरून फोटो काढला आणि तो दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापून आला. फोटो रूथचा होता.

याच खटल्याच्या धाग्यावरून जेम्स केनने १९३६ साली ‘डबल इन्डेम्निटी’ लिहिली. तिथे गोष्ट सांगतो विमा एजंट वॉल्टर हफ. नवऱ्याची मान मोडतो तोच, तरी वाचकाच्या मनात खलनायिका म्हणून राहते फिलिस. कारण बयान हफचे आहे. फिलिसचे म्हणणे आपल्यापर्यंत येते तेही त्याच्याच तोंडून.

डोरोथी ह्यूज या लेखिकेने १९४७ साली ‘इन अ लोनली प्लेस’मध्ये हा डाव उलटवला. तिथेही आपण पुरुषाच्याच नजरेने पाहतो, त्याच्याच नजरेत बायका संशयास्पद ठरतात. पण बायकांचे गळे आवळणारा तोच असतो आणि त्याला ओळखतात दोन स्त्रिया. १९५०च्या चित्रपटात मात्र तो निर्दोष ठरवला गेला.

ब्रिजिड आणि फिलिस निरपराध होत्या, असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार माझ्या वाचनाविषयी आहे. ज्याच्याविषयी सगळे बोलतात आणि ज्याला कुणी बोलू देत नाही, अशा माणसावर मी किती सहज विश्वास ठेवायचे सोडले होते! निदान आपल्याला तरी ही सवय परवडणारी नाही. रहस्यकथा मी अजूनही वाचतो. फक्त बाई दारातून आत आली, की आता आधी पाहतो, लेखणी कुणाच्या हातात आहे.