ताईचा 'आळस'

आमची ताई लोणच्याचा खार चमच्याने खायची. १९७८ साली तिचा चेहरा, हात, हिरड्यासुद्धा काळवंडू लागल्या. वजन घटलं. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" असं घरात सगळे म्हणत. त्यात मीही होतो. मास्तर ना मी, आळस ओळखण्यात माझा हातखंडा!

शेवटी एका डॉक्टरांनी तिच्या तळहातावरच्या काळ्या पडलेल्या रेषा पाहिल्या आणि तपासण्या करून सांगितलं, ॲडिसनचा आजार. हा ॲडिसन कोण, हे मी तेव्हापासून शोधत आलो.

थॉमस ॲडिसन हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले डॉक्टर. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहानशा ग्रंथी सोळाव्या शतकापासून ठाऊक होत्या, पण त्यांचं काम काय ते कुणाला कळलं नव्हतं. १८५५ साली ॲडिसन यांनी ११ रुग्णांच्या हकिगती छापल्या. थकवा, क्षीण नाडी, ओकाऱ्या, काळवंडलेली कातडी. मृत्यूनंतर पाहावं तर या ग्रंथी बिघडलेल्या, कित्येकांच्या क्षयाने. रोग सापडला, पण औषध नव्हतं. ॲडिसन १८६० साली गेले. या ग्रंथींतल्या संप्रेरकांवरच्या कामाला केंडॉल, राइशस्टाइन आणि हेंच यांना नोबेल मिळालं ते १९५० साली. म्हणजे मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली.

त्याच औषधावर जॉन केनेडी जगले. १९४७ साली लंडनमध्ये त्यांचं निदान झालं होतं, पण १९६०च्या निवडणुकीत त्यांच्या माणसांनी ते झाकून ठेवलं. लोक दुर्बळ म्हणतील ही भीती. आमच्या ताईला झाकायची गरजच पडली नाही. तिचा आजार कुणी खराच मानला नव्हता.

ताईच्याही ग्रंथी क्षयानेच गेल्या होत्या. पुढे चाळीस वर्षं ती रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. ताप आला की डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे डोस वाढवायची. मला हसून म्हणायची, "मास्तर, माझा आळस रोज सकाळी एका गोळीने जातो हो!" मी खाली बघायचो.

असो. नातेवाइकांना एकच सांगणं. दम्यासाठी, सांध्यांसाठी बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. सुस्तावलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत, आणि ते जिवावर बेतू शकतं. आणि घरात कुणी सारखं थकत असेल, तर आळशी म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा.