नांगराची खबर

दिवाळीच्या आधी माळा झाडायचा हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यंदा ते काम माझ्या वाट्याला आले. खाली स्वयंपाकघरात चकलीची भाजणी चाललेली, तिचा खमंग वास जिन्यावरून वर येत होता आणि मी तोंडाला पंचा बांधून कोळिष्टके काढीत होतो. मोडका पाळणा, गॅसबत्ती, चुलत आजोबांची पत्र्याची ट्रंक असे एकेक बाहेर निघाले. ट्रंकेत ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या अंकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा होता आणि त्याखाली लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही. वही आजोबांची, अंक त्यांच्या धाकट्या भावाचे. ते शाळामास्तर होते. झाडलोट तशीच राहिली. दिवेलागणीपर्यंत मी त्या ट्रंकेपाशीच बसून होतो.

बसण्याला कारण होते. मी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि पुढे ड्रॉइंग मास्तरकीपुरते शिकावे लागते तेवढे. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. आजवर चार झाल्या. चौथीचे गठ्ठे अजून प्रकाशकाच्या गोदामात पडून आहेत. मध्यंतरी प्रकाशकाकडचा एक तरतरीत मुलगा मला म्हणाला, “सर, राग मानू नका, पण हल्ली आधी लेखक खपतो, मग पुस्तक. तुम्ही स्वतःचा ब्रँड करायला हवा. रोज मोबाइलसमोर उभं राहून दोन मिनिटं बोला. काहीही बोला.” बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, हे मी स्वतः मुलांना सांगत आलो आहे, तेव्हा त्याच्याशी वाद घालायला मला तोंड नव्हते. पण ते ‘काहीही बोला’ मनाला टोचत राहिले. हातातले अंक चाळता चाळता वाटले, नांगर करणाऱ्या एका लोहारकामाच्या कारखान्याचे नाव आमच्या आडगावच्या मास्तरांच्या ट्रंकेत येऊन बसले, ते कोणत्या वाटेने?

गंमत अशी की, हे नाव महाराष्ट्राला आधी ठाऊक झाले ते नाटकामुळे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि किर्लोस्कर नाटक मंडळी घरोघरी माहीत झाली. नाटकाचा धंदाच गाजावाजाचा. पडदा, नांदी, हँडबिले आणि रात्रभर ‘वन्स मोअर’. त्याच गुर्लहोसुरात १८६९ साली दुसऱ्या एका किर्लोस्करांचा जन्म झाला. ते लक्ष्मणराव. त्यांना नाव मिळाले ते अगदी वेगळ्या, जवळजवळ मुक्या रीतीने.

लक्ष्मणरावांना खरे म्हणजे चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले आणि तिथे कळले की डोळ्यांना काही रंगांतला फरक नीट उमगत नाही. ड्रॉइंग मास्तर या नात्याने सांगतो, असा मुलगा वर्गात असला तर मास्तरच्याही पोटात कालवते. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे धरली. तिथे रेघ सरळ असली की पुरे. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर १८८८ साली सायकलींचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडत आणि रामूअण्णा विकत. विकत म्हणजे काय, तर आधी चालवायला शिकवत! त्या शिकवण्याचे १५ रुपये घेत असे सांगतात. दोन चाकांवर माणूस पडत कसा नाही, याचे ज्यांना नवल वाटे त्यांच्यापुढे ‘उत्तम सायकल’ अशी पाटी लावून काय उपयोग होता? एक माणूस शिकून बाजारातून चक्कर मारून आला की, पाटीचे काम आपोआप होई.

नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. ते राजीनामा देऊन बेळगावला परतले आणि कडबा कापायची यंत्रे, त्यामागून लोखंडी नांगर करू लागले.

हा नांगर विकणे किती अवघड होते, हे शेती न पाहिलेल्या वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. आपला लाकडी नांगर माती चिरतो, उलथत नाही. हरळी आणि कुंदा यांची मुळे खाली तशीच राहतात आणि पाऊस पडला की पुन्हा वर येतात. लोखंडी नांगराला फाळामागे वाकडा पत्रा असतो. तो तासातली माती उचलून पालथी घालतो आणि मुळे उन्हात उघडी पडतात. हे ऐकायला सोपे आहे. पण लाकडी नांगर गावचा सुतार करून देई, मोडला तर नीट करी आणि त्याचा मोबदला सुगीला बलुत्याच्या धान्यात घेई. लोखंडी नांगराला रोकड पैसा हवा. फाळ तुटला तर न्यायचा कुठे? बैलांना तो ओढवेल का? आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, लोखंडाने जमिनीत विष भिनते असा समज. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, अशी हकीकत आहे.

हा समज वेडगळ होता असे म्हणून आपण हसतो. मला मात्र त्या शेतकऱ्यांचे हसू येत नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका जमिनीवर आहे, त्याने दुकानदाराच्या शब्दावर ती जमीन का म्हणून पणाला लावावी? त्याला खात्री पटायची ती एकाच जागी, शेजारच्या बांधावर. शेजाऱ्याने नांगरले, पाऊस पडला, हरळी उगवली नाही, पीक नेहमीसारखे किंवा बरे आले आणि बैलही जिवंत राहिले, हे डोळ्यांनी दिसायला एक अख्खे वर्ष लागते. तेवढे वर्ष विकणाऱ्याने तग धरायचा असतो. जाहिरात करून हा काळ कमी करता येत नाही, याचा अनुभव लक्ष्मणरावांना पुरेपूर आला असणार.

पुढची हकीकत अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. बेळगावची जागा नगरपालिकेच्या कामासाठी सोडावी लागली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने माजलेला माळ आणि बिनव्याजी कर्ज दिले. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. त्या स्टेशनाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. पुणे-मिरज गाडीने जाताना ते आजही लागते. माणसाचे नाव स्टेशनाला मिळाले, यापुढे आणखी कसली पाटी लावायची!

आणि १९२० साली ‘खबर’ निघाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, महाराष्ट्र ज्यांना ‘शंवाकि’ म्हणू लागला, ते चित्रकला शिकलेले होते. (या कुटुंबात चित्रकारांचे लोखंडाशी काय नाते होते कोण जाणे.) त्यांनी कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू केले. कल्पना जगात नवी नव्हती. अमेरिकेत जॉन डीअर यांच्या नावाच्या नांगर-कंपनीने शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’, म्हणजे ‘तास’, नावाचे नियतकालिक १८९५ सालीच काढले होते आणि ते अजून चालू आहे. पण ‘खबर’ ज्या रस्त्याने गेली तो तिचा स्वतःचा. कारखान्याचे गृहपत्र म्हणून निघालेल्या त्या पानांत हळूहळू उद्योगधंदा, स्वावलंबन, आरोग्य, कथा, चित्रे असा ऐवज येऊ लागला. शंवाकि स्वतः ‘टाकांच्या फेकी’ या नावाने व्यंगचित्रे काढीत. १९२९ साली नावातली ‘खबर’ गळाली आणि ‘किर्लोस्कर’ राहिले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ निघाले. या दोन नावांत घराण्याचे नाव नाही, हे माझ्या आजवर कधी लक्षात आले नव्हते. तिन्ही मासिकांची अक्षरे जुळवून ‘किस्त्रीम’ असा शब्द लोकांनी केला आणि पुढे त्या नावाचा दिवाळी अंकही निघाला.

आता मला पडलेले कोडे सांगतो. १९२० साली आपल्या देशात शंभरात दहा माणसेसुद्धा साक्षर नव्हती. नांगर घेणारा शेतकरी ‘खबर’ वाचणार कसा? ती वाचणार मास्तर, तलाठी, स्टेशनमास्तर, वकिलांच्या घरातल्या सुना. त्यांतल्या बहुतेकांनी जन्मात रुमण्याला हात लावला नसेल. मग नांगरवाल्याने त्यांच्यासाठी एवढा खटाटोप का करावा? मला वाटते, शेतकऱ्याला नांगराची खात्री बांधावर पटत होती. पण ‘हा पैसा कुणाच्या हाती देतोय रे मी?’ हा प्रश्न तो गावातल्या वाचणाऱ्या माणसालाच विचारीत होता. आमच्याकडे आजोबांनी तो आपल्या मास्तर भावाला विचारला असणार. आणि मास्तरांना त्या मासिकाने नांगर घ्या असे कधी बजावले नव्हते. दर महिन्याला चार गोष्टी वाचायला दिल्या होत्या, एवढेच.

ही सगळी निरपेक्ष सेवा होती असे मी म्हणणार नाही. मासिकाच्या कपाळावर कारखान्याचे नाव होते. ती जाहिरातच होती. पण कशी जाहिरात, पाहा. अंधश्रद्धा, रूढी, सोवळे-ओवळे यांवर त्यात कडक लेख येत. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे निबंध याच मासिकातून आले. नांगर घेणारे गिऱ्हाईक भाविक, देवभोळे आणि छापणारा त्याच्याच समजुतींवर घाव घालतो! दुकानदारीच्या हिशेबाने हा वेडेपणा म्हणावा लागेल. ट्रंकेतल्या एका अंकात चुलत आजोबांनी समासात शिसपेन्सिलीने रागारागाने लिहिले आहे, ‘हे पटत नाही.’ आणि तरी पुढचा अंक गठ्ठ्यात आहेच, त्याच्या पुढचाही आहे.

मात्र एक गोष्ट मला स्वतःपासून लपवता येत नाही. लक्ष्मणरावांना थांबायला औंधचा माळ मिळाला, कर्ज मिळाले, आणि बोलायचे काम करायला पुतण्या मिळाला. मला यांपैकी काही नाही. माझे गप्प राहणे ही थोरांची संयमी रीत आहे, की नुसता भिडस्तपणा? प्रकाशकाकडच्या मुलाला मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याने ‘काहीही बोला’च्या जागी ‘हे बोला’ म्हटले असते तर कदाचित मी उभाही राहिलो असतो.

दिवे लागले तेव्हा खालून मुलीने हाक मारली. “बाबा, पहिला घाणा निघाला!” उठताना सहज आजोबांची वही उघडली. आजोबांचे शिक्षण मराठी तिसरीपर्यंतचे, अक्षर ढेकळासारखे. १९३६ सालच्या पानावर वर लिहिले आहे, ‘नांगर नेला त्याची यादी.’ खाली गावातली नावे, नेल्याची तिथी आणि परत आणल्याची तिथी. भाड्याचा रकाना नाही. पानभर नावे आहेत. त्यांतल्या सातव्या नावावर पुढच्या वर्षीच्या पानात काट मारलेली दिसते, आणि समोर आजोबांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत : ‘स्वतःचा घेतला.’