भाऊसाहेब बांदोडकर आणि आपली महाजन घराणी

देवस्थानाच्या स्मरणिकेत राजकारणी पुरुषावर लेख कशासाठी, अशी पृच्छा काही महाजन बंधू करतील. परंतु गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद उपाख्य भाऊसाहेब बांदोडकर यांच्याविषयी आपल्या घरांतून जे बोलले गेले, ते सारेच न्यायाचे नव्हते. म्हणून हा प्रपंच.

भाऊसाहेब १९११ साली पेडणे येथे गोमंतक मराठा समाजात जन्मले. या समाजाच्या कित्येक पिढ्या देवळांच्या सेवेत गेल्या. आपले उत्सव त्यांच्या गायनवादनाने शोभले, महाजनकीचा मान मात्र त्यांना नव्हता. खाणधंद्यात स्वकर्तृत्वाने धन मिळविलेला त्याच समाजाचा पुत्र २० डिसेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री झाला, ही गोष्ट पचविणे अनेकांना जड गेले. ते उघडपणे कोणी म्हणत नसे, एवढेच!

पुढील वर्षीच कूळ कायदा आला. खंडावर मर्यादा पडली, कुळाला मन मानेल तेव्हा काढणे बंद झाले. आमच्याही घरी येणारे भात घटले आणि वडीलधाऱ्यांनी भाऊसाहेबांना दूषणे दिली. खंडाची वही आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चोख लिहिली जाई. पण खंड चुकता केल्यावर कुळाच्या कणगीत काय उरते, याचा रकाना तीत नव्हता.

शिक्षणाचेही तसेच. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा देवळांच्या अग्रशाळांतून वा कोणा सधनाच्या ओसरीवर भरत. आपल्या पूर्वजांनी त्या चालविल्या, हे त्यांचे पुण्यकर्मच. तथापि तेथे कोणाच्या मुलाने बसावे, हे ओसरीचा धनी ठरवी. भाऊसाहेबांच्या राजवटीत खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या आणि ही परवानगी मागणे संपले.

महाराष्ट्रात विलीनीकरण हे त्यांचे ध्येय मात्र फसले. जनमतकौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ च्या कौलात विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. तरीही दोनअडीच महिन्यांतच याच मतदारांनी त्यांना पुन्हा सत्तेवर बसविले.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदी असतानाच ते निवर्तले. कसणाऱ्या कुळाला मालकी देणारी दुरुस्ती १९७६ ची, त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीतील; तिचा रागही काहीजण भाऊसाहेबांवरच काढतात. आमच्या घरची खंडाची वही त्यानंतर कोणी उघडली नाही.