फाटक, घराचे (खाडीकाठचे : उमेळे, ता. वसई)

घराच्या कुंपणात किंवा आवारभिंतीत माणसांच्या व गाड्यांच्या ये-जा करण्यासाठी बसवलेले, उघडझाप होणारे दार. बोलण्यात आज सगळीकडे ‘गेट’ हाच शब्द रुळला आहे. जुन्या वाड्यांच्या तोंडाशी बांबूच्या कांबींचे आणि झावळ्यांचे कवाड असे. दोन खांबांच्या भोकांतून आडवे वासे सरकवून वाट अडवण्याच्या सोयीला कोकणात बेडे म्हणतात. गुरे केळीत शिरू नयेत एवढेच या दारांचे काम होते आणि त्यासाठी ती पुरेशी होती. मोडली तर तासाभरात नवी बांधता येत. घरापर्यंत मोटार येऊ लागली तेव्हा वाट रुंद झाली आणि दार लोखंडाचे झाले. टिकाऊपणाचा प्रश्न खरा इथून सुरू होतो.

उमेळे हे नायगाव स्थानकाजवळचे, वसई खाडीच्या उत्तरेचे गाव. आसपास खाजणजमीन आणि मिठागरे आहेत. नैर्ऋत्येचा पावसाळी वारा समुद्र आणि खाडी ओलांडून येतो आणि येताना मिठाचे सूक्ष्म कण आणतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंडावर पाण्याचा न दिसणारा पापुद्रा राहतो आणि गंज चालूच राहतो. पुण्यात दहा वर्षे सुखाने उभे राहणारे फाटक इथे तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात खालच्या पट्टीपासून सुटू लागते. जागा सखल असल्याने पाण्याचाही विचार करावा लागतो. जुलै २०१८ च्या पावसात तालुक्यातल्या अनेक वस्त्या कित्येक दिवस पाण्यात होत्या. फाटकाचा खालचा भाग पाण्यात बुडणार, हे इथे धरूनच चालावे.

साहित्य निवडताना आधी साधे लोखंड (एमएस) घ्यायचे की जस्ताचा मुलामा दिलेले, हे ठरवावे. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजते आणि ओरखडा पडला तरी आसपासच्या लोखंडाला वाचवते. पण बाजारात ‘जीआय’ म्हणून मिळणाऱ्या पाइपवर हा मुलामा पातळ असतो आणि वेल्डिंगच्या जागी तो जळून जातो. म्हणून पूर्ण फाटक आधी तयार करून, मग ते वितळलेल्या जस्तात बुडवून घेणे सर्वांत चांगले. ६ मिमीपेक्षा जाड लोखंडावर अशा मुलाम्याची सरासरी जाडी ८५ मायक्रॉन अपेक्षित असते, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६०० ग्रॅम जस्त. त्यावर इपॉक्सी आणि पीयू रंगाचा थर दिला की दोन्ही एकमेकांना सांभाळतात. हा खर्च शक्य नसेल तर निदान वेल्डिंगचा प्रत्येक टाका घासून त्यावर जस्तयुक्त प्रायमर लावून घ्यावा. नुसते रेड ऑक्साइड आणि वर तेलरंग एवढे खाडीकाठी पुरत नाही.

स्टेनलेस स्टीलविषयी गैरसमज फार आहेत. ३०४ प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमही असते आणि खाऱ्या हवेत टिकण्याची ताकद त्यातून येते. ३०४ वर इथे चहासारखे तांबूस डाग पडतात. वरचेवर गोड्या पाण्याने धुतले तर ते आटोक्यात राहतात. बाजारात स्वस्त म्हणून खपणारी २०२ प्रत मात्र खड्डे पडून गंजते. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण २०२ आणि ३०४ या दोन्हींना चुंबक जवळपास चिकटतच नाही. बिलावर प्रत लिहून घेणे आणि जागेवर रसायनाच्या थेंबाची चाचणी करून पाहणे हाच मार्ग. अॅल्युमिनियम हलके आणि खाऱ्या हवेला बरे. त्यात स्टीलचे बोल्ट बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर दोन धातूंच्या सांध्यापाशी अॅल्युमिनियम पांढरे पडून झडते. सागवानी दार देखणे दिसते, पण उघड्यावर दरवर्षी तेलपाणी मागते.

वजनाचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत आणि फाटके वाकतात ती त्यामुळेच. १२ फूट वाटेसाठी ६ फूट रुंद आणि ५ फूट उंच अशी दोन पाने घेतली आणि चौकटीवर १.६ मिमीचा पत्रा मारला, तर एक पान सुमारे ७० किलोचे होते. वरच्या आणि खालच्या बिजागरीत चार फूट अंतर असेल, तर वरची बिजागरी खांबापासून पन्नासेक किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते. गेटच्या मोकळ्या टोकाला ३० किलोचे मूल लोंबकळले की ही ओढ जवळपास दुप्पट होते. मुले लोंबकळतातच. म्हणून बिजागरी विटांच्या खांबात ठोकलेल्या पट्टीवर न टांगता, पायापासून सळया घेऊन भरलेल्या काँक्रीटच्या खांबाला जोडावी. खालचा भार पेलायला बेअरिंगची उखळी द्यावी.

चौकटीतली तिरकी पट्टी कोणत्या दिशेने द्यावी, याबद्दल कारागिरांत वाद होतात. लाकडी दारात ती खालच्या बिजागरीपासून मोकळ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जावी, कारण लाकूड दाब चांगला सोसते. लोखंडी पट्टी ताण चांगला सोसते, म्हणून ती वरच्या बिजागरीपासून मोकळ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे उतरावी. उलट दिलेली पातळ पट्टी पहिल्या वर्षीच फुगते आणि अल्ड्रॉप आपल्या भोकात बसेनासा होतो.

पूर्ण पत्रा आणि दांड्या यांत इथे दांड्यांची बाजू घ्यावी असे वाटते. ताशी ७० किमीच्या वाऱ्यात वरच्या मापाच्या एका पत्र्याच्या पानावर साठेक किलोचा दाब येतो. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या किनाऱ्यावर वाऱ्याचा वेग ताशी १०० किमीच्या पुढे गेला होता. आडोसा हवा असेल तर पत्रा कमरेपर्यंतच ठेवावा.

खाजणातली जमीन भुसभुशीत असते, त्यामुळे दोन खांब दोन दिशांना कलतात. जमिनीखालून एक काँक्रीटची आडवी तुळई टाकून दोन्ही खांब बांधून घेतले, तर ही तक्रार राहत नाही. मातीतले क्षार सळयांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून काँक्रीट दाट असावे आणि सळयांवर त्याचा पुरेसा थर असावा. ओळंबा लावून खांब उभे करावेत, निदान आठवडाभर पाणी मारावे आणि त्यानंतरही काही दिवस थांबून मगच पाने टांगावीत. घाई याच टप्प्यावर होते. पानाखाली दोन-तीन इंच मोकळे सोडावे, म्हणजे चिखल साचत नाही आणि पाणी निघून जाते.

चौकोनी पाइपच्या खालच्या पट्टीकडे बोट करून सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. पाइपाची टोके बंद केलेली असली तरी टाक्यांमधल्या बारीक फटींतून पाणी आत जाते आणि तिथेच राहते. वरून रंग नवा दिसतो; नखाने टोकरले की फुगलेला पापुद्रा निघतो आणि आत तपकिरी भुगा असतो. उपाय सोपा आहे : टाके अर्धवट न सोडता पूर्ण वेल्डिंग करून घ्यावे आणि खालच्या पट्टीला तळाशी दोन-तीन निचऱ्याची भोके पाडावीत. फाटक जस्तात बुडवायचे असेल तर ही भोके आधीच पाडावी लागतात, अन्यथा आत कोंडलेली हवा व ओल तापून पाइप फुटण्याचा धोका असतो.

सरकते फाटक अरुंद गल्लीत सोयीचे पडते. मात्र रुळात गाळ आणि कुजलेली पाने अडकतात, चाक उतरते. रुळाच्या दोन्ही टोकांना घट्ट अडथळा आणि वर आधाराचे रोलर नसतील तर असे जड पान अंगावर कोसळते. मोटार बसवायची तर ती पुराच्या पातळीच्या वर ठेवावी आणि वीज गेल्यावर हाताने उघडायची किल्ली घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी.

नियमांपैकी एक महत्त्वाचा. राज्याच्या डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे फाटक आवाराच्या आतच उघडले पाहिजे. रस्त्यावर त्याचे पान येता कामा नये. आवारभिंतीची उंची रस्त्याच्या मध्यापासून १.५ मीटरपर्यंत, आणि वरचा ०.९ मीटर भाग जाळीदार ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत चालते. आतल्या बाजूला चढ असेल तर पान जमिनीला घासते, म्हणून वाट आखतानाच पातळी पाहून घ्यावी.

देखभालीत दोन कामे मुख्य. मेच्या शेवटी बिजागरी व उखळीत ग्रीस भरावे. दिवाळीच्या आसपास, हवा कोरडी झाल्यावर, फाटक गोड्या पाण्याने धुऊन जिथे रंग उडाला तेवढी जागा घासावी आणि प्रायमर लावून मग रंगवावी.